हिंकेमावशी आणि राखाडी क्रोकस

लग्न होऊन मी समुद्राकाठच्या टेर्नुम गावी आले, त्या पहिल्याच आठवड्यात हिंकेमावशीने माझ्या हातात आईचं पत्र ठेवलं आणि म्हणाली, "आई रडत रडत लिहीत होती गं तुझी. पाकिटावरची शाई फुटलीय बघ. आज फोन कर तिला." मग सायकलवर टांग टाकून ती गेलीसुद्धा. मी दारात तशीच उभी. हिला माझं नाव माहीत, आई माहीत, आईची शाईही माहीत, आणि मला मात्र ही बाई कोण हे ठाऊक नाही!

ती आमच्या गावची टपालवाली. उंच, रुंद खांद्यांची, आणि समुद्राच्या बांधावरून वारा सुटला की मान खाली घालून बैलासारखी त्यात घुसणारी. लग्न केलं नव्हतं. कुणी कारण विचारलं की म्हणायची, "गावातल्या सगळ्या नवऱ्यांची पत्रं वाटली मी. एकही घरी न्यावासा वाटला नाही." पुढे मी माझं केस कापायचं दुकान थाटलं तेव्हा पहिलं डोकं तिनेच पुढे केलं. "बिघडलं तर टोपी आहे माझ्याकडे," म्हणाली. तेव्हापासून मी तिला मावशी म्हणते. सगळं गावच म्हणतं.

आमचं गाव टेकाडावर वसलेलं आहे. वर चर्च, त्याच्याभोवती दफनभूमी, मग घरं आणि उतारावर बागा. मावशीचं घर दक्षिणेच्या उताराला, त्यामुळे फेब्रुवारीतलं जे काही चार घटका ऊन पडतं ते आधी तिच्या अंगणात उतरायचं. आणि त्या अंगणात क्रोकस होते. केशराच्याच कुळातली ही फुलं, पण केशर नाही की वास नाही. बोटाएवढी उंची, फिकट जांभळा रंग, आणि बाकी सगळं जग थंडीने काकडत असताना बर्फातून डोकं वर काढायची हिंमत.

तिच्या टपालाच्या वाटेवर एका जुन्या गढीत एक एकटी म्हातारी राहायची. एका हिवाळ्यात रस्ते बंद असताना मावशी बर्फ तुडवत तिच्यापर्यंत पोचली, म्हणून त्या म्हातारीने पुढल्या शरदात रुमालभर कंद तिच्या हवाली केले. "हे गावठी क्रोकस," ती म्हणाली होती. "बाजारातल्या मोठ्या फुलांसारखे मिरवत नाहीत. पण एकदा घरात शिरले की निघत नाहीत."

मावशीची लावायची पद्धत अख्ख्या गावाला पाठ होती. सप्टेंबर सरत आला की मुठीत कंद घ्यायचे, गवताकडे पाठ करायची आणि खांद्यावरून मागे भिरकावायचे. जिथे पडतील तिथेच खड्डा. आमची माती चिकणी, ओल्या हिवाळ्यात कंद कुजवणारी, म्हणून प्रत्येक खड्ड्यात चिमूटभर जाडी वाळू घालायची, कंदाचं टोक आभाळाकडे करायचं आणि वरून मातीचं ढेकूळ दाबून बसवायचं.

"रांगेत का नाही गं लावत?" मी एकदा विचारलं.

"रांगेत माणसं उभी राहतात, पोस्टात. तीसुद्धा कुरकुरत."

फुलं सरली की गवताला ती कात्री लावू द्यायची नाही. आमच्याकडे शेजाऱ्याचं गवत वाढलेलं दिसलं की लोक तो आजारी आहे का म्हणून विचारायला जातात. मावशीकडेही जात. ती त्यांना क्रोकसची दोऱ्यासारखी पानं दाखवायची. "ही बाई आत पुढच्या वर्षीचा स्वयंपाक करतेय. पिवळी पडेपर्यंत तिला हात लावायचा नाही."

आणि पहिल्यांदा ऊन पडून फुलं उघडली की त्या सकाळी कॉफी. फुलं ढगाळ दिवशी मिटलेली असतात, चोचीसारखी. ऊन लागलं की एकदम सगळी आ वासतात. मावशी तेव्हा दक्षिणेच्या भिंतीशी खुर्च्या मांडायची, दालचिनी-साखरेचा पाव कापायची, आणि जो कोणी रस्त्याने जाईल त्याला कॉलरला धरल्यासारखं आत बोलवायची. पाद्रीबुवा, दूधवाला, शाळेच्या बाई, सगळे कोट घालून, नाकं लाल करून त्या फुलांसमोर बसायचे.

मावशी निवृत्त झाली, त्याच सुमाराला शेजारच्या घरात डाउवे राहायला आला. कालव्यावरचा पूल बोटींसाठी उघडायचा आणि मिटायचा, हे त्याचं आयुष्यभराचं काम. बुटका, शांत, गालावर पांढरे कल्ले. बायको दोन वर्षांपूर्वी वारली होती. तिला चिमण्यांचा नाद होता. ती गेल्यावर चिमण्या डाउवेकडे वारशाने आल्या. त्याने वळचणीला लाकडी घरटी ठोकली, दाण्यांची ताटली टांगली, आणि बघता बघता त्याच्या छपरावर अशी काही किलबिल सुरू झाली की मावशी खिडकी लावून घ्यायला लागली.

"डाउवे, तुझ्या पाहुण्यांना सांग, इथे लोक झोपतात."

"त्या सूर्य उगवल्यावर बोलतात, हिंके. तू त्याच्या आधीपासून बोलत असतेस."

भांडणाला एवढं पुरेसं होतं. पण ते गोडीचं भांडण होतं. तो तिच्या कॉफीला यायचा, ती त्याला वाटाण्याचं घट्ट सूप डब्यातून द्यायची.

मग एका वसंतात मावशी माझ्या दुकानात आली ती तोंड पाडूनच. म्हणाली, "क्रोकस विटले गं माझे."

"विटले म्हणजे?"

"रंग उडाला. धुऊन धुऊन फिका पडलेल्या पडद्यासारखे दिसतायत."

मी बघायला गेले. मला तर नेहमीसारखेच दिसले. तसं म्हटल्यावर ती म्हणाली, "तुला काय कळतंय? तू बायकांच्या केसांना रंग लावतेस. तुला खरा रंग आठवत तरी असेल का?"

पुढच्या वर्षी तिने हाडांचं खत घातलं, त्याच्या पुढच्या वर्षी चुलीतली राख. वाळू बदलली. ज्याच्याकडून वाळू आणली त्याच्याशी भांडली. फुलं दरवर्षी वाढतच होती, अंगण गच्च भरून जायचं, पण ती दारात उभी राहून मान हलवायची. "मातीत घातलेली राख वर आलीय. बघा, बघा. जळलेल्या कागदासारखी आहेत." लोकांना वाटायचं, म्हातारपणी माणूस असा होतो, कशातच समाधान नाही. मी पण तसंच समजत होते.

शेवटी एका मे महिन्यात, पानं पिवळी पडल्यावर, तिने फावडं घेतलं आणि सगळं अंगण उपसलं. बादल्यांवर बादल्या कंद निघाले. डाउवे कुंपणापलीकडून बघत होता.

"हे काय चाललंय?"

"साफसफाई. नेऊन टाक कालव्यात. तुझा जुना धंदा आहे ना पाण्याचा."

"हिंके, जिवंत आहेत ते."

"जिवंत असून काय उपयोग? तूही आहेस."

डाउवेने बादल्या नेल्या, पण कालव्यात टाकल्या नाहीत. सावलीत पसरून कंद सुकवले, आणि शरद येताच चर्चच्या लोकांची परवानगी काढून दफनभूमीखालच्या उतारावर लावत सुटला. लपवाछपवी काही नव्हती. भर रस्त्यावर गुडघे टेकून बसायचा. मावशी सायकलवरून जाताना ब्रेक मारून थांबायची.

"काय पेरतोयस, डाउवे?"

"तुझे क्रोकस."

"राख पेरतोयस, गाढवा, राख. आणि ती पण दफनभूमीजवळ. बरं आहे, ओळख होईल."

त्याच शरदात तिने स्वतःच्या अंगणात नवे कंद आणून लावले. सगळे पिवळे. "हे बघ," मला म्हणाली, "पिवळा कसा ठणठणीत रंग. डोळ्यात भरतो. त्याला फसवता येत नाही."

फेब्रुवारीत ते आले तेव्हा खरंच छान दिसले. फोडलेल्या अंड्यांच्या बलकासारखे, काळ्या मातीवर चमकणारे. मावशी खूश. सगळ्यांना कॉफीचं आमंत्रण. पण कॉफी उकळायच्या आत डाउवेच्या छपरावरून टोळी उतरली. चिमण्यांना पिवळे क्रोकस का आवडतात देव जाणे, जांभळ्यांना त्या सहसा फारशा शिवत नाहीत. पण पिवळं दिसलं की चोचीने पाकळ्या तोडतात, थोडं खातात, जास्त फेकतात. आम्ही पाव घेऊन पोचलो तोवर अंगणात लग्नाचा मांडव मोडल्यावर असतो तसा पिवळा कचरा.

"डाउवे!" मावशीचा आवाज टेकाडाच्या माथ्यापर्यंत गेला असेल. "बाहेर ये! तुझ्या कार्ट्यांनी काय केलंय बघ!"

डाउवे आला, टोपी काढून त्याने नीट पाहिलं. "भूक लागली असेल."

"मग पाव घाल त्यांना!"

"घालतो की. हे जेवणानंतरचं गोड."

युद्ध पेटलं ते तिथून. मावशीने काठ्या रोवून त्यांना काळा दोरा ताणला. डाउवे म्हणाला, "पाय अडकतील त्यांचे," आणि उघड उघड कात्री घेऊन येऊन दोरा कापून गेला. मावशीने परत ताणला. त्याने परत कापला. मग तिने टपालखात्याचा आपला जुना कोट आणि टोपी एका खांबाला चढवून बुजगावणं उभं केलं. पहिला दिवस चिमण्या घाबरल्या. दुसऱ्या दिवशी त्या टोपीवर बसून पिवळं खाताना दिसल्या. डाउवे रोज सकाळी कुंपणाशी येऊन त्या कोटाला विचारायचा, "माझं काही पत्र?" नवीन आलेल्या पाद्रीबुवांनी एकदा धुक्यात त्या बुजगावण्याला नमस्कारसुद्धा केला, आणि उत्तर आलं नाही म्हणून माझ्या दुकानात नाराजी बोलून दाखवली.

इतकं सगळं हसण्यावारी चाललं होतं. पण उतारावरचे क्रोकस फुलले आणि प्रकरण वेगळंच झालं.

चर्चखालचा तो सगळा उतार जांभळा झाला होता. ऊन पडलं की जसं कुणी वरून शाईची दौत उपडी करावी आणि ती खाली ओघळत यावी तसं. शेजारच्या गावांतून लोक बघायला यायचे. मोटारी थांबायच्या. सगळे डाउवेचं कौतुक करत होते, आणि तो बिचारा प्रत्येकाला सांगत होता, "कंद हिंकेचे आहेत." मावशीही एक दिवस बघून आली. सरळ माझ्या दुकानात शिरली. दुकानात तीन गिऱ्हाइकं होती.

"सांगा, काय आहे त्यात बघण्यासारखं?"

"अगं मावशी, केवढे सुंदर दिसतायत!" मी म्हटलं.

"सुंदर? मळकं फडकं वाळत घातल्यासारखं दिसतंय. तुम्ही सगळे त्या पूलवाल्याला लोणी लावताय. विधुर आहे, एकटा आहे, म्हणून. मी सगळी वर्षं एकटी होते, मला कुणी लावलं?"

आरशातून तिचा चेहरा मला दिसला. राग होता, पण त्याखाली घाबरल्यासारखं काहीतरी होतं. सगळं गाव एक म्हणतंय आणि आपल्याला दुसरं दिसतंय, म्हणजे एकतर गाव खोटं, नाहीतर आपण. ती गाव खोटं म्हणत होती, पण तिचा स्वतःचाच विश्वास बसत नसावा. त्या वर्षी तिने पुन्हा कॉफीला कुणाला बोलावलं नाही. डाउवेला सूप देणंही बंद केलं. दिवस मावळला की सायकल बाहेर काढेना. "हल्ली लोक गाड्यांचे दिवे फार भडक लावतात," म्हणायची.

उन्हाळा तसाच गेला. शरदाच्या सुरुवातीला डाउवेने घराचं दार रंगवलं. मी त्याचे केस कापायला त्याच्याच घरी गेले होते, कारण त्याचा गुडघा धरला होता. मी दारातच खुर्ची मांडून कात्री चालवत होते, तेवढ्यात मावशी रस्त्याने आली. बोलणं बंद होतं, पण टोमणा मारायला तिला बंदी नव्हती.

"दार काळं का केलंस? कोण गेलं?"

डाउवे म्हणाला, "निळं आहे."

"काळं आहे."

"हिंके, डबा दाखवू का? निळा रंग आहे."

"डब्यावर काय वाटेल ते लिहितील. माइके, तू सांग. काळं आहे का नाही?"

मी दाराकडे पाहिलं. गडद होतं, पण स्वच्छ निळं, दुपारच्या उन्हात लखलखणारं. "मावशी," मी हळूच म्हटलं, "निळं आहे गं."

ती डोळे बारीक करून दाराकडे बघायला लागली. डाउवे खुर्चीतून उठला. गळ्याला माझं फडकं, अर्धे केस कापलेले, अर्धे तसेच. कुंपणापर्यंत लंगडत गेला. त्याचा आवाज एकदम बदलला होता.

"माझ्या बायकोला, ट्रिन्केला असंच झालं होतं. तिला आकाश चहासारखं दिसायचं. मी तिला वेडी म्हणायचो, ती मला आंधळा म्हणायची. मोतीबिंदू होता, हिंके. निळं आणि जांभळं आधी जातं. पिवळं राहतं."

मावशी म्हणाली, "माझे डोळे? आयुष्यभर डॉक्टरांची अक्षरं वाचलीत मी!" आणि तरातरा घरात जाऊन तिने दार आपटलं. डाउवे परत खुर्चीत बसला. "काप," मला म्हणाला. पण तो सारखा मान वळवून तिच्या दाराकडे बघत होता, मला थांबावं लागलं.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधी मावशी पायरीवर बसलेली. "डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचंय. तू नेशील? आणि त्या पूलवाल्याला कळता कामा नये."

मी नेलं. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, गोड बोलणाऱ्या. त्यांनी तिच्या दोन्ही डोळ्यांत डोकावून पाहिलं आणि म्हणाल्या, "आजी, दोन्हीकडे मोतीबिंदू आहे. चांगलाच पिकलाय. पिवळ्या-तपकिरी काचेतून बघताय तुम्ही, कित्येक वर्षं. इतके दिवस जमवलंत कसं?"

"सवयीने," मावशी म्हणाली. मग विचारलं, "जांभळं परत येईल?"

"येईल की."

परतताना गाडीत ती गावाच्या वेशीवर आल्यावर म्हणाली, "उपसून टाकले गं मी." मी नुसता तिच्या गुडघ्यावर हात ठेवला.

शस्त्रक्रियेचा नंबर लागला तो थेट फेब्रुवारीच्या अखेरीस. आधी उजवा डोळा, डावा नंतर. त्या सकाळी नेमकी माझी गाडी थंडीने गारठून बसली, काही केल्या सुरू होईना. मी घाबरून मावशीच्या दारात गेले, तर बाहेर डाउवे आपली जुनी गाडी सुरू करून, काच पुसत उभा. अंगावर चर्चला जायचा कोट.

मावशी माझ्याकडे बघून म्हणाली, "सांगितलंस ना?"

"नाही गं, शप्पत!"

डाउवे म्हणाला, "मला दूधवाल्याने सांगितलं. त्याला पाद्रीबुवांनी. बस आता, उशीर होईल."

"हळू चालव. तू पूल उघडणारा माणूस, तुला थांबायचीच सवय."

पण बसली.

दुसऱ्या दिवशी डोळ्यावरची पट्टी काढायला आम्ही तिघंच परत गेलो. मी मागच्या सीटवर, ती पुढे. दवाखान्यातून बाहेर आली तेव्हा पायऱ्यांवरच थबकली. वर बघत राहिली. आभाळ मोकळं होतं, आमच्याकडे फेब्रुवारीत क्वचित असतं तसं. "एवढं निळं?" ती म्हणाली. "एवढं होतं आधीपासून?" मग गाडीत बसल्यावर तिचं सुरूच झालं. रस्त्यावरच्या पाटीचा रंग, कुणाच्या तरी सायकलचा रंग, डाउवेच्या स्वेटरचा. "हा निळा स्वेटर तू रोज घालतोस?"

"सहा वर्षं."

"मला वाटायचं, तपकिरी आहे आणि तू धूत नाहीस."

टेकाड दिसायला लागलं. चर्चखालच्या वळणावर डाउवेने गाडी बाजूला घेतली.

ऊन अगदी समोरून पडलं होतं. सगळी फुलं सताड उघडी, आत नारिंगी जिभा, त्यांच्यावर वर्षातल्या पहिल्या मधमाश्या. मावशी उतरली. दोन पावलं गवतात गेली आणि उभी राहिली. आधी मला वाटलं, रडतेय. पण ती एक डोळा मिटत होती, मग तो उघडून दुसरा मिटत होती. उजवा, डावा. उजवा, डावा. जुन्या डोळ्याने राख, नव्याने जांभळं. राख, जांभळं. मग ती हसायलाच लागली, खांदे गदगदा हलवत, लहान पोरीसारखी, आणि हसता हसता डोळ्यातून पाणी यायला लागलं तेव्हा मी ओरडले, "मावशी, डोळा चोळू नकोस!"

"नाही चोळत गं, बाई!" ती म्हणाली, आणि दोन्ही हात पाठीमागे बांधून तशीच रडत उभी राहिली.

मग म्हणाली, "डाउवे, मी यांना राख म्हणाले."

"हो. आणि मला गाढव म्हणालीस."

"ते मागे घेत नाही." मग त्याच्याकडे वळून, दोन्ही डोळे उघडे ठेवून तिने त्याला नीट न्याहाळलं. "डोळे पण निळे आहेत होय तुझे? इतकी वर्षं मला वाटलं, मातकट आहेत."

डाउवेचे कान लाल झाले. ते मात्र तिला आधीही दिसत असणार.

नंतरचे काही आठवडे फार मजेचे गेले. दुसरा डोळा झाल्यावर तर मावशीने घरातली कपाटंच रिकामी केली. एक दिवस हातात लोकरी जाकीट घेऊन धापा टाकत दुकानात आली. "माइके, हे कुठल्या रंगाचं आहे?"

"जांभळं. चांगलं भडक."

"आणि हे घालून मी किती जणांच्या दफनविधीला गेले?"

मी कात्री पुसायला घेतली.

"मला वाटायचं काळपट आहे! तुम्ही कुणी बोललात का नाही?"

"आम्हाला वाटलं मावशी, तुझं काहीतरी तत्त्व असेल. मेलेल्याला आनंदाने निरोप द्यावा, असं काहीतरी. पाद्रीबुवांनी तर प्रवचनात सांगितलं त्यावर."

ती खुर्चीत बसली आणि हसून हसून तिचं पोट दुखलं. जाकीट मात्र तिने टाकलं नाही. आता मुद्दाम घालते.

त्या मे महिन्यात पानं पिवळी पडल्यावर डाउवेने तिच्यासाठी उतारावरचे कंद काढले. एका कंदाचे कित्येक झाले होते. अर्धं अंगण तिने पुन्हा जांभळं केलं. पिवळे उपटले नाहीत. "असू देत. फेब्रुवारीत त्या कार्ट्यांनाही काहीतरी कोवळं लागत असेल," म्हणाली. मधल्या कुंपणाचा तुकडा पाडून तिथे फाटक बसवलं. गावाने लग्नाची वाट पाहिली. मी तर मनात केशरचनाही ठरवून ठेवली होती. पण तिला विचारलं तर म्हणाली, "या वयात? तो पहाटे चिमण्यांसाठी उठतो आणि मी आता उशिरापर्यंत झोपते. फाटक बरं आहे. उघडता येतं, लावताही येतं." डाउवे म्हणाला, हे काम आपल्याला जमण्यासारखं आहे.

आता ती पंच्याहत्तरी ओलांडून पुढे गेलीय आणि नवीन भानगड काढून बसलीय. उताराच्या पायथ्याशी आमचं खेळाचं मैदान आहे. हाताने चेंडू टोलवायचा आमचा जो खेळ, त्याचे सामने तिथे होतात. क्रोकसचं बी मुंग्या वाहून नेतात, आणि गेल्या दोन वसंतांत मैदानाच्या एका कोपऱ्यात जांभळी फुलं दिसायला लागली. या एप्रिलमध्ये क्लबवाले गवत कापायचं यंत्र घेऊन आले, तर तिथे हिंकेमावशी खुर्ची टाकून बसलेली. मांडीवर विणकाम, अंगात ते जाकीट.

क्लबचा अध्यक्ष हात जोडून म्हणाला, "मावशी, रविवारी सामना आहे हो."

"खेळा की. मी कुठे अडवलंय?"

"गवत कापायला हवं."

"पानं पिवळी पडली की काप."

"ती कधी पडतील?"

"त्यांना घाई नाही. तुला असेल तर तिकडच्या टोकाला खेळा."

अध्यक्षाने डाउवेकडे पाहिलं. डाउवे कॉफीचा थर्मास घेऊन येत होता, बगलेत दुसरी खुर्ची. "माझ्याकडे बघू नकोस," तो म्हणाला. "मी फक्त कॉफी आणलीय."

रविवारी सामना तिकडच्या टोकाला झाला. आमच्या गावाचा संघ हरला. हरलेल्यांनी क्रोकसला दोष दिला, मावशीने त्यांच्या मनगटाला. आणि मग सगळेच जण, जिंकलेले पाहुणेसुद्धा, इकडे तिच्या कोपऱ्यात येऊन गवतावर बसले, कारण साखरेचा पाव तिच्याकडेच होता.